गुलाबी खुरांचा बैल

भंगारातून उचललेल्या त्या बाहुलीच्या पोटातले सेल अजून जिवंत आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी हिंगण्याहून कंपनीची बस सुटतानाच ठरलं होतं, की वाटेत नागपूरच्या महाल भागात उतरून पॅकिंग विभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी जायचं. त्याचे वडील वारले होते. आम्ही काही जण बूट काढून सतरंजीवर बसलो. समोर फोटो, फोटोला हार, उदबत्ती. कोणीतरी म्हणालं, दोन मिनिटं शांत उभं राहू. सगळे उठले. उठताना माझी पिशवी भिंतीला घासली आणि पिशवी हसायला लागली.

बारीकसारीक हसू नव्हतं ते. खदाखदा, मध्ये श्वास घ्यायला थांबून पुन्हा खदाखदा. मी पिशवी छातीशी दाबली, तर ती आणखीच चेकाळली. म्हाताऱ्या आईने मान वर करून पाहिलं. मी तसाच अनवाणी बाहेर पळालो, गल्लीत एका स्कूटरच्या आडोशाला बसलो आणि बाहुलीच्या पाठीचं झाकण नखाने उचकटून सेल काढले. थोड्या वेळाने सहकारी बाहेर आला. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. त्याने माझ्या हातातल्या बाहुलीकडे पाहिलं आणि समजुतीने विचारलं, "पोरीसाठी घेतली का?"

"हो," मी म्हणालो.

माझी मुलगी तेव्हा पुण्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. माझे बूट त्याने स्वतःच्या हाताने आणून माझ्यापुढे ठेवले.

हा प्रसंग सांगितला तो एवढ्यासाठी, की लाज मला नवी नव्हती. पन्नाशीच्या माणसाला मोडक्या खेळण्यांचा नाद असेल, तर लाजेची सवय होतेच. पिशवी दोन्ही हातांनी धरायची, बसमध्ये शेवटच्या सीटवर बसायचं, कोणी विचारलं तर "शेजाऱ्यांचं आहे" म्हणायचं. पण ती लाज वरवरची होती, घामासारखी. पुसली की गेली. दुसरी लाज कशी असते, ते मला एका लाकडी बैलाने दाखवलं.

मी कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. आमच्याकडे प्लास्टिकचे डबे आणि बाटल्या होतात आणि मी त्यांच्या झाकणांची ड्रॉइंग काढतो. आयुष्यभर झाकणंच काढली. पूर्वी कागदावर, आता कॉम्प्युटरवर. कंपनीच्या गेटपासून थोडं पुढे एक भंगारवाला आहे. एकदा बसला उशीर झाला म्हणून मी त्याच्या दुकानासमोर उभा होतो, तेव्हा ढिगात बाहुलीचा नुसता हात दिसला. सहज उचलला, कोपरात वाकवला. टिक् करून वाकला, टिक् करून सरळ झाला. त्या दिवसांत आमचं एक झाकण बिजागरीपाशी वारंवार तुटत होतं. मी तो हात खिशात घालून घरी नेला, कोपर उघडून आत पाहिलं, आणि झाकणाची बिजागरी तशीच आखली. झाकण तुटायचं थांबलं. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"असंच, सर. विचार करता करता."

बाहुलीचा हात म्हणायला जीभ रेटली नाही.

त्यानंतर मी भंगारवाल्याकडे जातच राहिलो. आधी सांधे बघायला जायचो, मग सांध्यांचं निमित्तही उरलं नाही. चाक नसलेल्या जीपगाड्या, एका डोळ्याची अस्वलं, सोंड चावून चावून बोथट झालेला हत्ती. कुणी बाहुलीला पेनने मिशा काढलेल्या, कुणी पोलिसाच्या टोपीवर टिकली चिकटवलेली. नव्या खेळण्यात मला कधी काही दिसलं नाही. पोरांच्या हातून वापरून, चावून, रंगवून सुटलेली वस्तू मात्र हातात घेतली की ठेववत नसे. घरी मी ती धुवायचो, कापायचो, एकमेकांना जोडायचो, काळ्या रंगाच्या फळीवर स्क्रूने बसवायचो. पोलिसाच्या धडातून हत्तीची सोंड, बाहुलीच्या हातांचं झाड, असं काहीबाही. मागची खोली भरली.

बायको सुरुवातीला हसायची, मग हसणं बंद झालं. "लोकं रिटायरमेंटसाठी प्लॉट पाहतात," ती म्हणायची, "अन् तुम्ही बाहुल्यांचे हात पाहून राहिले." पाहुणे आले की ती मागच्या खोलीला कडी लावायची. मी कधी हरकत घेतली नाही. मलाही ती कडी हवीच होती.

तो बैल मला एका उन्हाळ्यात मिळाला. रद्दीच्या गठ्ठ्याखाली पाय वर करून पडला होता. नागपुरात तान्ह्या पोळ्याला पोरं जे चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात, त्यातलाच, पण बाजारातला नव्हता. बाजारातले बैल सगळे एका साच्यातले असतात, मान ताठ, छाती पुढे. याची मान जराशी खाली होती, चरायला निघाल्यासारखी. घडवणाऱ्याने वशिंड मोठ्या हौसेने केलं होतं आणि कान करताना बहुधा कंटाळला होता. पांढरा रंग जागोजागी उडालेला. आणि चारही खुरांना नेलपॉलिश. तीन खुरं गुलाबी, आणि मागचं उजवं जांभळं. गुलाबी बाटली संपली असणार.

त्या खुरांनी मी वेडा झालो. कितीतरी दिवस बैल टेबलावर तसाच ठेवून त्याच्याकडे बघत बसायचो. मग मी तो कापला.

का कापला, ते तेव्हा मला अगदी स्पष्ट होतं. पुढचा अर्धा भाग फळीतून बाहेर येताना दिसावा, जणू भिंत फोडून बैल खोलीत शिरतो आहे. कल्पना चांगली होती, आजही मला ती वाईट वाटत नाही. बारीक दातांची करवत घेतली, वशिंडाच्या मागून खाली पोटापर्यंत. लाकूड सागाचं होतं, सुंदर वास आला. पुढचा अर्धा फळीवर बसवला. राहिलेल्या मागच्या अर्ध्याचं वेगळं चित्र केलं: काळी फळी, त्यावर बैलाचं पाठमोरं ढुंगण, पाय खालच्या पट्टीआड दडवलेले, शेपटीच्या जागी सुतळी, ती लांबवून खालपर्यंत सोडलेली. ते साहेबांनी नेलं. माझ्या नादाची कुणकुण त्यांना कोणाकडून तरी लागली होती. केबिनला नवा रंग दिल्यावर त्यांनी मला बोलावून मोबाईलमधले फोटो पाहिले आणि नेमकं तेच निवडलं. "साधं आहे, शांत आहे," म्हणाले. मी फुशारून घरी आलो.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त कलाशिक्षक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. एकदा पाण्याच्या टाकीची किल्ली मागायला ते घरी आले, मागच्या खोलीची कडी नेमकी उघडी राहिली होती, आणि ते आत उभेच राहिले. किल्ली विसरले. पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, त्यांनी ओळखीने एक हॉल मिळवला आणि माझं प्रदर्शन ठरवलं. माझं! बायकोने त्या दिवशी मला नवा शर्ट आणला.

सर म्हणाले, प्रत्येक कामाला नाव हवं. मी रात्र रात्र नावं शोधली. फळीतून निघणाऱ्या बैलाला मी नाव दिलं 'अनाम बालपण'. ते सगळ्यात शेवटी सुचलं आणि सगळ्यात जास्त आवडलं. हॉलमध्ये लोक थांबले की मी जवळ जायचो आणि खुरं दाखवायचो. "हे बघा, हे मी केलेलं नाही. कुण्या अनामिक लेकराचा हात आहे हा. ते लेकरू आता कुठे असेल, मोठं झालं असेल, त्याला आठवतही नसेल." असं म्हणताना माझा आवाज भरून यायचा. खरोखर यायचा, नाटक नव्हतं. लोकांनाही ते आवडायचं. एक बाई डोळे पुसून गेल्या.

रविवारी गर्दी होती. मी पाचसहा जणांना तेच सांगत होतो, आणि "त्याला आठवतही नसेल" इथपर्यंत आलो होतो, तेव्हा खालून आवाज आला.

"हा माहा बैल होय."

सात-आठ वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, खांद्याला आईची पर्स अडकवलेली. आई मागे बाहुल्यांच्या हातांचं झाड बघत होती. मुलगी बैलासमोर उभी होती, नाक त्याच्या नाकाच्या रेषेत.

लोक हसले, कौतुकाने. मीही हसलो. आणि म्हणालो, "अगं, असे पुष्कळ बैल असतात. सगळे सारखेच दिसतात."

"नाही. हा माहा होय."

"तुझाही असाच असेल, बाळा. पण हा वेगळा आहे. हा मला लांबच्या एका गावी मिळाला."

का म्हणालो मी असं? भंगाराचं दुकान हॉलपासून फार लांब नव्हतं. तिथे माझ्यावर कोणी आरोप केला नव्हता, कोणी काही मागितलं नव्हतं. पाच-सहा माणसं माझ्याकडे बघत होती, एवढंच. त्या पाच-सहा माणसांसमोर माझं चित्र मोठं राहावं म्हणून मी एका लहान पोरीला तोंडावर खोटं सांगितलं, आणि सांगताना तिच्या डोक्यावरून हातही फिरवला.

तिने माझा हात झटकला नाही, पण माझं ऐकलंही नाही. म्हणाली, "मंग खुरं पाहा. पुढचे गुलाबी हायत. मांगचं एक गुलाबी अन् एक जांभळं हाय. गुलाबी सरली होती."

फळीवर फक्त पुढचे दोन पाय होते. मागच्या पायांचं त्या हॉलमध्ये मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आता कोणी हसत नव्हतं. एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, तो तसाच काढत राहिला. मुलगी फळीच्या बाजूला गेली, भिंत आणि फळी यांच्यामधल्या फटीत वाकून बघायला लागली. बैलाचा उरलेला भाग पलीकडे असेल असं तिला वाटलं असावं. मग सरळ झाली.

"याचं मांगचं कुठं हाय?"

तेवढ्यात आई धावत आली. तिने बैल पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिने मुलीचा दंड धरला. "चल वं. आपला नाही तो. आपला आबाकडे हाय ना, पारशिवनीले."

"तू म्हणली होती, चरायले गेला म्हणून."

"हो, मंग."

"चरायले नाही गेला," मुलगी म्हणाली. ती रडली नाही. मोठी माणसं हिशोब चुकल्यावर जशी मान हलवतात, तशी तिने मान हलवली. "याले कोणं कापलं?"

आई माझ्याकडे पाहत नव्हती. मी आईकडे पाहत नव्हतो. आमच्यात बोलणं झालं नसूनही आम्हा दोघांचं एकमेकांशी सगळं बोलून झालं होतं. तिने तो रद्दीत दिला होता, मी तो रद्दीतून घेतला होता, आणि आता दोघांनाही ती पोरगी दिसत होती.

"मी कापला," मी म्हणालो.

एवढंच एक वाक्य मी त्या दिवशी खरं बोललो. तेही सगळे मार्ग बंद झाल्यावर.

आईने तिला ओढत नेलं. सरांनी त्यांच्यामागे जाऊन पत्ता विचारून घेतला, मला ते सुचलंही नव्हतं. लोक हळूहळू दुसऱ्या भिंतीकडे सरकले. मी जाऊन 'अनाम बालपण' लिहिलेली पट्टी काढली आणि खिशात कोंबली. ज्या लेकराला मी इतक्या भरल्या गळ्याने अनामिक म्हणत होतो ते समोर येऊन उभं राहिलं, आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर तू ते नव्हेस असं त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरनेच विचारलं, "काय गा साहेब, बैल कापला म्हणते तुम्ही?" व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. मागच्या सीटवरून कोणीतरी हंबरलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. नेहमीसारखी पुसून टाकायला गेलो तर ती लाज पुसली जाईना. लोकांच्या हसण्याची नव्हतीच ती. बसमध्ये एकटाच असतो तरी ती तेवढीच लागली असती.

बायकोने व्हिडिओ माझ्याआधी पाहिला होता. संध्याकाळी तिने चहा ठेवला आणि विचारलं, "त्या पोरीले खोटं काहून बोलले तुम्ही?"

"गडबडलो गं."

"गडबडले नाही. मी दोनदा पाहिला. चांगलं हसून बोलून राहिले तुम्ही." मग माझ्याकडे पाठ करून, "जोडून द्या तो. जसा जमंल तसा."

जोडायचा तर मागचा अर्धा हवा होता, आणि तो साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे लागलेला होता.

दिलेली वस्तू परत मागायला माणूस कसा जातो, ते मी त्या दिवशी शिकलो. दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा साहेबांनी काचेतून पाहिलं आणि हाताने बोलावलं. मी उभ्यानेच सांगितलं, की भिंतीवरचं ते काम मला परत हवं आहे, त्यात एका मुलीच्या बैलाचा मागचा भाग आहे.

साहेब वळून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"हा बैल आहे?"

"मागचा भाग, सर."

"मला वाटलं डोंगर आहे," ते म्हणाले. "आणि ही वरून खाली येणारी नदी."

"ती शेपटी आहे, सर."

"दिल्लीहून माणसं आली होती आपल्याकडे. मी त्यांना ह्याच्यासमोर उभं करून सातपुड्याबद्दल सांगितलं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं आता नोकरी जाते की काय. "आणि तुम्ही ऐकत होतात तिथे. फाईल घेऊन उभे होतात. का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला डोंगर आवडला होता, सर."

ते हसले नाहीत. चिडलेही नाहीत. शिपायाला बोलावून त्यांनी फळी उतरवायला सांगितली. मी ती घेऊन दाराशी गेलो, तेव्हा मागून म्हणाले, "त्या झाकणाच्या बिजागरीचं तरी खरं सांगा. तेही कुठून तरी आलं असणार."

"बाहुलीच्या कोपरातून, सर."

"ठीक आहे. जा," साहेब म्हणाले. त्यांच्यामागच्या भिंतीवर खिळ्यांची भोकं दिसत होती.

कापलेलं लाकूड परत जोडता येतं, पण करवत जिथून गेली तिथलं लाकूड भुसा होऊन गेलेलं असतं. शिवाय मी फळीवर बसवताना दोन्ही अर्ध्या भागांच्या कापलेल्या बाजू घासून सपाट केल्या होत्या. मधून खुंट्या घातल्या, फेविकॉल भरला, दोरीने करकचून बांधून ठेवला. दोर सोडला तेव्हा बैल पूर्वीपेक्षा आखूड दिसत होता. वशिंडामागून एकदम मागचा पुठ्ठा, मधली पाठ गेलेली. स्क्रूची भोकं मी बुजवली, पण रंग लावला नाही. पांढरा रंग आणून डबा उघडलाही होता, पण नव्या रंगाखाली ती चीरही गेली असती आणि खुरांजवळ नेलपॉलिशने उमटलेले बोटांचे ठसेही, म्हणून तसाच बंद केला. जमिनीवर ठेवून ओढला तर डावीकडे जायला लागला. जोड किंचित वाकडा बसला होता. पुन्हा तोडायची हिंमत झाली नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी आणि बायको त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. मुलीचे वडील त्यांच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेले. आईने पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मुलगी शेजारी खेळायला गेली होती.

"घर बदलवलं तेव्हा लई सामान झालं होतं," आईच आधी बोलली. "टेम्पोत जागा नव्हती. माह्या बापानं केला होता तो बैल, तिच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याले. मले वाटलं, तिले आता नवीन आणू, मोठा, बाजारातला." मग म्हणाली, "आणलाबी. तिनं हात नाही लावला त्याले."

"तुम्हाला काय माहीत, मी असं करीन," मी म्हणालो.

"माह्या बापाले नका सांगू म्हणजे झालं. तो दर पोळ्याले विचारते, माहा बैल सजवला का म्हणून. मी हो म्हणते."

बायकोने तिच्या हातावर हात ठेवला. मी पिशवीतून बैल काढून फरशीवर ठेवला. तेवढ्यात मुलगी आली. दारातच थांबली. मग येऊन बसली, बैल उचलला, उलटा करून चारही खुरं पाहिली. जांभळ्या खुरावर अंगठा फिरवला.

"लहान झाला," ती म्हणाली.

"हो. थोडा भाग गेला. तो नाही आणता आला," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी मी तुला खोटं बोललो. मला माहीत होतं की हा तुझा आहे. खुरं सांगितलीस तेव्हा नक्कीच माहीत होतं."

"तुम्ही काहून कापला?"

मी सांगायला सुरुवात केली. भिंत फोडून बैल बाहेर येतो आहे, असं दाखवायचं होतं. हाताने दाखवलंही. ती ऐकत होती, अगदी मन लावून. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मंग भिंतीले भोक काहून नाही पाडलं?"

बायकोला ठसका लागला. खरंच, भिंतीला भोक पाडता आलं असतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी यायचं आमंत्रण मुलीनेच दिलं. नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या वस्तीच्या चौकात मारुतीच्या देवळासमोर मांडव टाकला होता. पोरं रांगेत बैल घेऊन उभी. कुणाचा बैल माणसाएवढा उंच, त्याला दोन बाप ओढत होते. झुली, बेगड, मोत्यांच्या माळा, एकाच्या शिंगांना दिवे लावलेले. पोरंही सजलेली, शेतकरी, शिवाजी, एक छोटी डॉक्टर. माझ्या ओळखीची मुलगी मधोमध होती. तिच्या बैलाला झूल नव्हती. पोटाभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली होती, दवाखान्यातल्यासारखी, वर तांबड्या पेनने फुली. खुरांना नवं नेलपॉलिश. जांभळं खूर जांभळंच ठेवलं होतं.

बक्षीस द्यायला मंडळाचे एक पुढारी आले होते. रांगेतून चालत ते तिच्यापाशी थांबले आणि माईकवरच विचारलं, "काय झालं वं बैलाले?"

"ऑपरेशन झालं."

"अरे बापा! काहून?"

"त्या काकांनी कापला होता," ती म्हणाली आणि बोट दाखवलं.

सगळा चौक वळून बघायला लागला. पोरं, त्यांचे आईबाप, चण्याफुटाण्याचा गाडीवाला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. बायकोने माझी बाही धरली नव्हती, तरी मी हललो नाही. पुढाऱ्याने माईक माझ्या दिशेने पुढे केला, गंमत म्हणून. मी एवढंच म्हणालो, "हो, मीच कापला," आणि ते भोंग्यातून दूरपर्यंत गेलं. कोणीतरी हसलं. एक लहान पोरगा आपला बैल उचलून आईच्या मागे जाऊन उभा राहिला.

तिला नंबर मिळाला नाही. दिव्यांच्या शिंगांवाल्याला मिळाला. सगळ्या पोरांना कंपासपेट्या वाटल्या, तशी तिलाही मिळाली. मग पोरं घरोघर बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघाली. तिचा बैल डावीकडे जात होता, ती दोरीने त्याला पुन्हा पुन्हा सरळ करत होती, वैतागून नव्हे, खोड माहीत असलेल्या जनावराला वळवतात तशी. माझ्यापाशी येऊन थांबली. मी खिशात हात घातला, बोजारा द्यायला. तिने हात पुढे केला नाही.

"काका, तुमच्याकडं अजून लई खेळणे हायत ना? त्या हॉलमध्ये होते ते?"

"हो. घरीही आहेत. खोलीभर."

"ते कोणाकोणाचे हायत?"

मी मागच्या खोलीतल्या फळ्या एकेक आठवू लागलो. बोथट सोंडेचा हत्ती. टिकलीवाला पोलीस. पेनच्या मिशा. ती वाट बघत उभी होती, उत्तर मिळणारच अशा खात्रीने.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तेवढ्यात पुढच्या घराच्या दारातून कुणी हाक मारली, आणि ती दोरी ओढत गेली.